आठवण कोणाच्या फोनवर वाजते?

मंडळी, घरकाम म्हटलं की आपल्याला भांडी, धुणी, स्वयंपाक आठवतो. ही कामं दिसतात तरी. न दिसणारं काम डोक्यात चालतं. सिलिंडर कधी लावला, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या किती उरल्या, मुलांची फी कधी भरायची, वर्षाची तूरडाळ कधी भरायची... अमरावती-अकोल्यात नळ रोज येत नाही, म्हणून इथल्या बाईला नळाचंही पंचांग पाठ ठेवावं लागतं. मोनीक ऐको या फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८४ साली या ओझ्यावर लिहिलं. आपल्याकडे त्याला अजून नीट नावही नाही.

आता म्हणतात, मोबाइल आहे ना! खरंच आहे. इंडेनचा सिलिंडर २०२१ पासून नुसत्या मिस्ड कॉलवर नोंदवता येतो, वीजबिल घरबसल्या भरता येतं. रांगा वाचल्या, याचं मला कौतुकच आहे. पण सरकारी वेळ-वापर सर्वेक्षण काय सांगतं बघा. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात २०१९ साली दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, २०२४ साली २८९. पुरुषांचा ९७ वरून ८८ वर आला. म्हणजे घरोघर स्मार्टफोन आले, पण वाटणी होती तिथेच आहे.

कारण साधं आहे. फोन आठवण करून देतो, पण फोनला सांगायचं कोणी? १९७३ पासून घराघरांत कालनिर्णय लागलं. त्यावर दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख लिहिलेली असायची आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसायची. आता ती यादी एकटीच्या फोनमध्ये गेली. माझी लेक अकोल्याला नोकरी करते. रात्री मध्येच उठून ती फोनमधल्या यादीत भर घालते. शेजारी नवरा गाढ झोपलेला. तो वाईट नाही हो. "काय आणा लागते ते सांग फक्त," असं रोज म्हणतो. पण ते 'सांगणं' हेच तर काम आहे!

शाळेत आम्ही फळा पुसायच्या पाळ्या लावून देत असू. पाळी ज्याची, आठवणही त्याचीच. घरातही तसंच करावं. एजन्सीकडे नवऱ्याचा नंबर नोंदवावा, म्हणजे सिलिंडरचे निरोप त्यालाच जातील. गोळ्यांचा गजर आजोबांच्याच फोनवर लावावा. फीची तारीख बापाच्या फोनवर वाजू द्यावी. आणि एकदा काम सोपवलं की बाईने मध्ये बोलू नये. हे सगळ्यात अवघड. एखाद्या दिवशी सिलिंडर संपेल, दही-मुरमुऱ्यावर भागवावं लागेल. भागवावं. पुढच्या महिन्यात तो बरोबर लक्षात ठेवील.

लेकीला मी हेच सांगितलंय. नवं अॅप घेण्याआधी जुनी कामं वाटून टाक, बाई.