काटा खोटा, म्हणून वजन खोटे नव्हे



परवा नशिराबादला कीर्तन झाल्यावर एका शिकलेल्या तरुणाने विचारले, "महाराज, गावागणिक रीत बदलते, काळागणिक धर्म बदलतो. मग पाप-पुण्य माणसांनीच ठरवले ना? त्यात देव कशाला?" पुष्कळांनी माना डोलावल्या. तुम्हीही कदाचित डोलावली असती. मला मात्र हे पटत नाही.

आपण खानदेशची कापूस पिकवणारी माणसे. चार व्यापाऱ्यांचे काटे चार वजने दाखवतात. म्हणून कापसाला वजनच नाही, असे कोणी शेतकरी म्हणतो का? तो म्हणतो, काटा खोटा आहे. आणि काट्याला खोटे म्हणायचे तर खरे वजन असावेच लागते.

आता पंढरपूर पाहा. चोखोबांना राऊळाबाहेर ठेवले आणि ती रीत शतकानुशतके टिकली. रूढी आणि पोथीचे दाखले दार बंद ठेवणाऱ्यांकडे होते. आपल्या अमळनेरच्या शाळेत शिकवलेले साने गुरुजी १ मे १९४७ रोजी तिथे उपोषणाला बसले. दार हरिजनांना उघडण्याचे ठरले आणि उपोषण सुटले. रीतच न्याय ठरवत असेल, तर गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा चुकीचे होते आणि उपोषण सुटले तेव्हा बरोबर झाले, असे म्हणावे लागेल. म्हणाल का तुम्ही? दार बंद होते तेव्हाही तो अन्यायच होता. आपल्याला दिसत नव्हता, एवढेच.

पण भाविकांनो, यात आपलीही सुटका नाही. दार बंद ठेवणारेही विठ्ठलाचेच नाव घेत होते. देवाच्या नावाने सांगितले म्हणून अन्यायाचा न्याय होत नाही. देव न मानणाराही सचोटीने वागतो, हेही मला मान्य आहे. वजन सर्वांना सारखेच. पण जे राजाने ठरवले नाही, पंचांनी नाही, पोथीने नाही, ते आले कोठून? मी म्हणतो, दया आणि समता हा विठ्ठलाचा स्वभावच आहे. तो त्याने काढलेला हुकूम नव्हे. म्हणून अन्याय मागणारा देव विठ्ठल असूच शकत नाही. हा गणिताचा पुरावा नाही, माझी श्रद्धा आहे. पण याहून बरे उत्तर मला कोणी दिलेले नाही.

आता काटा आपल्या हाती आहे. मुक्ताईच्या पालखीसोबत चालताना ज्याच्या पाया पडता, गावी परतल्यावर त्याच्या घरचे पाणी पिता का? पीत नसाल, तर खोटा काटा बाजारात शोधू नका, माऊली. तो आपल्याच ओसरीवर टांगलेला आहे.