हवालदाराचा हात आणि मागची ट्रॉली



गळीत सुरू झाले की हमरस्त्यावरून कारखान्याकडे वळणाऱ्या चौकात वाहतूक पोलीस उभा राहतो. आपण त्याला सरसकट हवालदार म्हणतो, मग त्याच्या बाहीवर फिती असोत वा नसोत. त्याने हात केला की आपला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन वळतो, आणि वळताना ड्रायव्हरची नजर असते ती त्या हवालदारावर. आमचे म्हणणे असे की निघावे हवालदाराकडे पाहून, पण वळावे ते मागच्या ट्रॉलीकडे पाहून.

गेल्या हंगामात आम्ही खोडव्याचे प्लॉट पाहून मोटारसायकलवरून परतत होतो. चौकात आमच्यापुढे आपल्याच एका सभासदाचा ट्रॅक्टर डावीकडे वळण्यासाठी उभा होता. हवालदाराचा हात वर होता, ट्रॅक्टर थांबलेला होता, सगळे कायद्याप्रमाणे. एवढ्यात शाळेतला एक पोरगा सायकल घेऊन डाव्या बाजूने पुढे सरकला आणि दुसरी ट्रॉली व कडेची पानटपरी यांच्यामधल्या फटीत जाऊन थांबला. हवालदाराने बोलावले, ट्रॅक्टर वळला. पुढची चाके अगदी बरोबर गेली. पहिली ट्रॉली थोडी आत आली. दुसरीचे मागचे चाक मात्र सरळ टपरीच्या अंगावरच आले. पोराने सायकल टाकून टपरीच्या फळीवर उडी मारली म्हणून वाचला. सायकलचा पार चपटा पत्रा झाला.

ड्रायव्हरला याचा पत्ताही नव्हता. टेप मोठ्याने चालू होता. आम्ही पुढे जाऊन त्याला गाठले तेव्हा तो म्हणाला, ‘साहेब, हवालदारानंच हात केला की!’ संध्याकाळी ट्रॅक्टरमालक भेटले, तेही तेच म्हणाले. आणि खरे सांगायचे तर आम्हीही त्या पोराला फटीत शिरताना पाहिले होते, पण हॉर्न वाजवला नाही. हवालदार उभा आहे, तो बघेल, असेच आम्हालाही वाटले होते.

इथेच आपली सर्वांची चूक होते. हवालदार चौकाच्या मधोमध असतो. त्याला ट्रॅक्टरचे तोंड दिसते, उसाचा ढीग दिसतो, पण ढिगाच्या पलीकडे कोण उभे आहे ते त्याला दिसण्याची सोय नसते. तो परवानगी देतो ती रस्त्याची. आपल्या चाकाखाली कोणी येणार नाही याची हमी त्याने दिलेली नसते आणि त्याला ती देताही येणार नाही.

कायद्याचेही दोन शब्द सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११९ प्रमाणे वाहतुकीचे नियमन करणाऱ्या पोलिसाने दिलेली प्रत्येक सूचना चालकाने पाळलीच पाहिजे. दिवा हिरवा असला आणि पोलिसाचा हात वर असला तर पोलिसाचा हात खरा. पण म्हणून बाकीची काळजी घेण्यातून चालक सुटतो असे त्या कायद्यात कोठेही नाही. दुसरी एक समजूत आपल्याकडे फार पक्की आहे, की डावीकडे वळायला कोणाला विचारावे लागत नाही. ती चुकीची आहे. हवालदाराने आपली बाजू अडवली असेल तर ती सरळ जाणाऱ्याला जशी अडवली तशीच डावीकडे वळणाऱ्यालाही. तो आपल्याला थांबवतो त्या वेळी बहुधा त्याच डाव्या रस्त्यावरून बायामाणसे बाजाराच्या पिशव्या घेऊन ओलांडत असतात.

हाताच्या खुणाही नीट ओळखाव्यात. उजवा हात वर व तळवा आपल्याकडे, म्हणजे समोरून येणाऱ्याने थांबावे. हवालदाराची पाठ आपल्याकडे आणि डावा हात बाजूला आडवा, म्हणजे त्याच्या मागून येणाऱ्याने, अर्थात आपणच, थांबावे. पाठ आहे म्हणजे आपल्याला काही म्हटलेले नाही असे समजून कितीतरी गाड्या घुसतात. आणि तो हाताने बोलावतो तेव्हा कोणाकडे बघून बोलावतो ते पाहावे, शेजारच्या एस. टी. ला बोलावले तर आपण निघू नये. आपल्याला कोणीकडे जायचे तेही त्याला वेळेवर कळले पाहिजे. त्याला मनकवडेपणा येत नाही. उजवीकडे वळायचे असेल तर उजवा हात सरळ बाहेर काढून दाखवावा. मागच्यांना मात्र हा हात उसाआड दिसत नाही. त्यासाठी दुसऱ्या ट्रॉलीच्या मागे चालू स्थितीतले दिवे पाहिजेत, नुसता रिफ्लेक्टर पुरत नाही.

आता त्या मागच्या चाकाचे. वळताना मागचे चाक पुढच्या चाकाच्या वाटेने कधीच जात नाही, ते आतून जाते. ट्रॅक्टरचे मागचे चाक थोडे आत, पहिली ट्रॉली त्याहून आत, दुसरी त्याहूनही आत. आम्ही यार्डात चुन्याची फक्की मारून हे पाहिले. अडचणीच्या वळणावर ट्रॅक्टरचे पुढचे चाक आणि शेवटच्या ट्रॉलीचे मागचे चाक यांच्या वाटेत पुरुषभर अंतर पडले. ती पुरुषभर जागा म्हणजे सायकलवाल्याची, म्हातारीची आणि पोरांची उभे राहण्याची जागा. उलट बाजूला, ट्रॉलीच्या मागे बाहेर आलेले उसाचे शेंडे बाहेर फिरतात आणि शेजारच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर बसतात. लोळलेला, वाकडा ऊस असेल तर विचारूच नका. मोळ्या नीट बांधून शेंडे आत घेतले तर निम्मे काम तेथेच होते, पण भरणी उरकायच्या घाईत तेवढेच राहते.

आणि ऊस ओढणारी पोरं! हा विषय आपण हसण्यावारी नेतो. आपणही लहानपणी ऊस ओढला, असे मोठ्या कौतुकाने सांगतो. पण आपण ओढला तो बैलगाडीचा. पोरं कुठे उभी राहतात ते पाहा: जेथे गाडी हळू होते तेथे, म्हणजे वळणावर, आणि वळणाच्या आतल्या बाजूला. नेमकी तीच पुरुषभर जागा. पंधरा-वीस टन ऊस मागे असताना एकदा वळू लागलेला ट्रॅक्टर जागच्या जागी थांबत नाही. ट्रॉलीला बहुधा ब्रेक नसतो, सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. त्यात शेतात एका चाकावर वळण्यासाठी ब्रेकचे दोन पेडल सुटे केलेले असतात आणि सडकेला लागल्यावर जोडपट्टी लावायची राहून जाते. मग घाईत एकच पेडल दाबला जातो आणि ट्रॅक्टर एका बाजूला हिसका खातो. बांधावरून सडकेवर आले की पहिले काम ती पट्टी लावण्याचे, हे आम्ही प्रत्येक ड्रायव्हरला सांगतो. ऐकणारे ऐकतात.

आमचे मत असे आहे की हंगामात हमरस्त्याच्या चौकात वळताना ट्रॅक्टरवर एक जाणता गडी सोबत असावा. त्याने वळणाआधी खाली उतरून आतल्या बाजूला उभे राहावे, माणसे मागे सारावीत, मगच ड्रायव्हरला खूण करावी. ट्रॉलीच्या साखळीवर बसून जाणारा गडी आम्हाला म्हणायचा नाही, तो तर स्वतःच चाकाखाली जायचा. टेप चौकाआधी बंद करावा, म्हणजे हवालदाराची शिट्टीही ऐकू येते आणि कोणी ओरडले तर तेही. एका माणसाच्या मजुरीचा प्रश्न सभासद काढतील, तो आम्हाला मान्य आहे. वाहतूक दर ठरवताना तो संचालक मंडळापुढे मांडावा, आम्ही त्याच्या बाजूने बोलू.

दुसरे असे की वजनकाट्यापासून लागलेली रांग कधी कधी चौकापर्यंत येते. अशा वेळी हवालदाराने बोलावले तरी पुढे दोन्ही ट्रॉल्या मावतील एवढी जागा दिसल्याशिवाय शिरू नये; त्याला हातानेच पुढची रांग दाखवावी, तो समजतो. नाहीतर ट्रॅक्टर वळलेला आणि दुसरी ट्रॉली भर चौकात, असे होते. मग दवाखान्याची गाडी अडते आणि शिव्या कारखान्याला बसतात. नंबर जाईल ही भीती आम्हाला कळते. उशिराने उसाचे वजन घटते हेही आम्हीच तुम्हाला सांगत आलो. पण चौकात वाचवलेल्या दोन मिनिटांनी काट्यावर काही फरक पडत नाही.

टायरगाडीवाल्यांनी एवढेच करावे: शिट्टीला बैल बुजतात, तेव्हा चौक आला की गाडीवरून उतरून पुढे कासऱ्याला धरावे.

वाहतुकीचे करार होतील त्या आठवड्यात आम्ही यार्डात पुन्हा फक्की मारून ठेवणार आहोत. सभासदांनी व ट्रॅक्टरमालकांनी आपापल्या ड्रायव्हरला घेऊन यावे आणि आपले चाक कोठून जाते ते डोळ्यांनी पाहावे. येताना दोन्ही ट्रॉल्या जोडून आणाव्यात, नुसता ट्रॅक्टर आणून भागणार नाही.