भाकड ठरवण्यापूर्वी घोडीचे बीजांडकोश तपासावेत

जबलपूरच्या दक्षिणेला, नागपूरकडे जाणारा रस्ता जेथे नर्मदा ओलांडतो, तेथे तिलवारा घाट आहे. मकरसंक्रांतीचा मेळा सरला की या परिसरात लग्नसराईचे दिवस येतात आणि नवरदेव घोड्यावर नव्हे, तर घोडीवर बसून निघतो. घोडी पाळणाऱ्या कुटुंबाला त्यामुळे दुहेरी आधार मिळतो: हंगामात वरातीचे भाडे आणि अधूनमधून एखादे शिंगरू. अशी घोडी लागोपाठ दोन हंगाम गाभण राहिली नाही, किंवा शेजारच्या घोडीवर नरासारखी धावून जाऊ लागली, की ती भाकड आणि खोडकर ठरते व तिला बाजाराची वाट दाखवली जाते. दोष स्वभावाचा आहे की शरीराचा, याची चौकशी क्वचितच होते.

घोडीच्या बीजांडकोशात आढळणाऱ्या गाठींमध्ये ग्रॅन्युलोसा पेशींची गाठ सर्वांत सामान्य आहे. ती बहुधा एकाच बाजूला होते, सावकाश वाढते आणि शरीरात अन्यत्र फारच क्वचित पसरते. तिचा उपद्रव मुख्यतः संप्रेरकांचा असतो. गाठीतून स्रवणाऱ्या इन्हिबिनमुळे दुसरा, निरोगी बीजांडकोशही आक्रसून निष्क्रिय होतो. म्हणूनच काही घोड्या माजावर येतच नाहीत, काहींचा माज आठवडेच्या आठवडे टिकतो, तर टेस्टोस्टेरॉन वाढलेल्या घोड्या नरासारख्या वागतात. एकाच विकाराची ही तीन परस्परविरोधी रूपे असल्याने मालकाची फसगत होणे स्वाभाविक आहे.

ऋतुमान या फसगतीत भर घालते. दिवस मोठे होऊ लागले की घोडीचे माजचक्र सुरू होते. हिवाळ्यात बीजांडकोश बहुधा विश्रांती घेतात. सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला भरते, माळेगावचीही हिवाळ्यातच. म्हणजे खरेदीविक्री नेमकी अशा दिवसांत होते, जेव्हा निरोगी घोडीही माज दाखवेलच असे नाही आणि आजारी घोडी त्या गर्दीत सहज खपून जाते. पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये निरोगी घोडीचाही माज लांबतो, त्या वेळी गाठीचा संशय घेणेही चूकच ठरते. वागणुकीवरून निदान करण्याची हौस आवरलेली बरी; तापट घोडीचे बीजांडकोश बहुतेक वेळा निर्दोषच निघतात.

यावर उपाय महागडा आहे, असा एक समज आहे. पहिल्या टप्प्यापुरता तो खरा नाही. गायी-म्हशींच्या गर्भतपासणीसाठी वापरले जाणारे गुदमार्गी सोनोग्राफी यंत्र घोडीलाही चालते. घोडीचा निरोगी बीजांडकोश मूत्रपिंडाच्या आकाराचा असतो आणि त्याला बीज बाहेर पडण्याची एक स्पष्ट खाच असते. गाठीमुळे तो फुगतो, खाच बुजते आणि पडद्यावर बहुधा मधाच्या पोळ्यासारखी पोकळ्यांची जाळी दिसते. मात्र बीजांडकोशात साकळलेले रक्तही असेच भासू शकते. म्हणून दोन्ही बाजू पाहाव्यात आणि काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. साकळलेले रक्त ओसरते व दुसरी बाजू चालू राहते. गाठ मात्र टिकते. शंका उरल्यास रक्तातील अँटी-म्युलेरियन संप्रेरकाची चाचणी सर्वांत विश्वासार्ह आहे. टेस्टोस्टेरॉन गाभण घोडीतही वाढते, त्यामुळे त्यावर एकट्याने विसंबता येत नाही. हे नमुने गोळा करून पाठवण्याची व्यवस्था पशुवैद्यकीय विद्यापीठांनी जिल्हा दवाखान्यांपर्यंत पोहोचवावी, ही मागणी अवाजवी नाही.

याउलट, तपासणीविना माजाचे इंजेक्शन टोचण्याची प्रथा थांबलीच पाहिजे. प्रोस्टाग्लँडिन पीतपिंडावर काम करते. गाठ असलेल्या घोडीत बीज बाहेर पडणेच थांबलेले असल्याने सहसा पीतपिंडच नसतो. औषध वाया जाते, पैसा जातो आणि हंगामही जातो. घोडी गाभण असेल तर गर्भपाताचा धोका वेगळाच. गाभण घोडीही कधीकधी नरासारखी वागते, हे येथे विसरून चालणार नाही.

खरा खर्च शस्त्रक्रियेचा आहे. कुशीतून दुर्बिणीद्वारे, घोडी उभी असतानाच गाठ काढता येते. फार मोठ्या गाठीसाठी भूल देऊन पोट उघडावे लागू शकते. असे काम गावच्या दवाखान्याचे नव्हे. तिलवाऱ्याच्या घोडीसाठी जबलपूर शहरातच १९४८ पासूनचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. विदर्भातील पशुपालकाला नागपूरचे, तर कोकणपट्टीतील पशुपालकाला परळचे महाविद्यालय गाठता येते. शस्त्रक्रियेनंतर उरलेला बीजांडकोश साधारण सहा ते आठ महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा, पुन्हा काम करू लागतो आणि घोडी गाभण राहू शकते. हा काळ मालकाला आधीच सांगायला हवा. अन्यथा चौथ्या महिन्यात तो निराश होऊन तिला विकून टाकतो आणि खर्चाचे फळ दुसऱ्याच्या दारी पडते.

भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली आहे. थोड्या संख्येने उरलेल्या अशा जातीत विणीयोग्य घोडी केवळ गैरसमजापोटी पैदाशीतून बाद होणे परवडणारे नाही. विस्तार कार्यकर्त्यांनी यात्रेपूर्वीच्या पशुआरोग्य शिबिरांत घोड्यांचे लसीकरण होते तेथेच, विणीच्या घोडीसाठी मागच्या दोन हंगामांतील माजाच्या तारखा, नराशी मीलन आणि गर्भतपासणीचे निष्कर्ष टिपणारे साधे कार्ड सुरू करावे. काढलेली प्रत्येक गाठ फॉर्मलिनमध्ये घालून विकृतिशास्त्र विभागाकडे पाठवावी, आणि येणारा अहवाल त्याच कार्डाला जोडावा.