भाड्याच्या घरात पुराचं पाणी शिरलं, तर भरपाई कुणाला?

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला आलेल्या पुरात परंडा तालुक्यातल्या लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. त्यानंतर चर्चा झाली ती पिकांची आणि खरडून गेलेल्या जमिनीची. ते साहजिकच होतं. पण काळभैरवनाथाच्या सोनारीसारख्या गावात बदलीवर आलेले शिक्षक, आरोग्य कर्मचारी, साखर कारखान्यातले कामगारही राहतात. त्यातल्या अनेकांचं ना तिथे शेत असतं, ना घर. मग त्यांच्या खोलीत पाणी शिरलं तर?

घर पडल्याची सरकारी मदत घरमालकाला मिळते. संसारोपयोगी सामानासाठी 2022-26 च्या केंद्रीय निकषांत कपड्यांचे 2,500 आणि भांड्यांचे 2,500 रुपये आहेत. राज्याने 2025 मध्ये तातडीची मदत म्हणून कुटुंबामागे 10,000 रुपये जाहीर केले होते. एवढ्यात साधा फ्रीजही येत नाही.

राहिला विमा. मालकाने घराचा विमा काढला असला, तरी भाडेकरूचं सामान त्यात येत नाही. आपल्याकडे अनेकांचा गैरसमज होतो तो इथेच.

भाडेकरूला स्वतःच्या सामानाचा विमा काढता येतो का?

येतो. विमा नियामक 'इर्डा'च्या आदेशानुसार 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी सुरू झाली. तिच्यात फक्त घरातल्या सामानाचं संरक्षण घेता येतं. आग, पूर, वादळ, भूकंप, वीज पडणं, पाण्याची टाकी फुटणं, दंगल हे सगळं त्यात आहे. घराच्या इमारतीचा विमा असेल तर तिच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत सामान आपोआप धरलं जातं. भाडेकरूला ही सोय नाही. त्याला सामानाची किंमत स्वतः सांगावी लागते, तीही जुन्या वस्तूची नाही, तर आज तीच वस्तू नवी घ्यायला जेवढे पैसे लागतील तेवढी.

समजा सामान 2 लाखांचं आहे, विमा 1 लाखाचा आहे आणि नुकसान 50,000 चं झालं. 'विमा निम्माच होता, म्हणून 25,000 घ्या' असं या पॉलिसीत कंपनीला म्हणता येत नाही. माझ्या मते या पॉलिसीतली ही सर्वांत कामाची अट आहे.

पण रोख रक्कम, कागदपत्रं आणि दारातली मोटारसायकल यात येत नाही. दागिन्यांसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. आणि चोरी? पूर किंवा आगीसारख्या घटनेनंतर सात दिवसांत झाली तरच. एरवीच्या घरफोडीसाठी दुसरी पॉलिसी लागते.

गंमत म्हणजे 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. घरविम्यावर तो 18 टक्केच राहिला.

गावात खरी अडचण पुराव्याची आहे. खोली बहुतेकदा तोंडी बोलीवर घेतलेली असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. तो करार, वस्तूंची बिलं आणि खोलीचे फोटो फोनमध्ये ठेवण्याऐवजी ईमेलवर पाठवून ठेवा, कारण पुरात फोनही जातो. पाणी ओसरल्यावर भिजलेलं सामान लगेच फेकू नका. आधी फोटो काढा, कंपनीला कळवा, सर्वेक्षकाला पाहू द्या. तलाठ्याच्या पंचनाम्यातही आपलं नाव आहे का, ते बघा.

दावा फेटाळला आणि कंपनीकडे तक्रार करूनही उपयोग झाला नाही, तर धाराशिवकरांना पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयात विनाशुल्क दाद मागता येते.