हवेची होडी घेताना



उन्हाळा आला की आम्हांला औषधपाण्यापेक्षा इतर गोष्टींबद्दलच जास्त विचारलं जातं. यंदा विचारणा आहे ती हवेच्या होडीची, म्हणजे पंपाने फुगवून पाण्यात सोडायच्या कयाकची. नातवंडांनी दुकानात खोकं पाहिलेलं असतं. त्यावर निळं पाणी आणि हसरे चेहरे छापलेले असतात, किंमत शंभर-दीडशे डॉलर असते, आणि मग सगळ्यांची नजर आजी-आजोबांच्या पाकिटाकडे वळते. म्हणून या खेपेस त्याविषयीच लिहितो. मोठ्यांनी वाचावं, आणि मुलांना मोठ्याने वाचून दाखवावं.

डेव्हन ॲव्हेन्यूवर राहणाऱ्यांना पाणी काही लांब नाही. गोल्डा मेयर आणि गांधीजी या दोघांचीही नावं या रस्त्याच्या तुकड्यांना मानाने दिलेली आहेत. मसाल्यांची, मिठाईची, साड्यांची दुकानं मागे टाकून पश्चिमेला चालत राहिलं की मॅकॉर्मिक बुलेव्हार्डजवळ पूल लागतो. त्याखालून जातो तो नॉर्थ शोअर चॅनेल, १९१० साली पुरा झालेला खोदीव कालवा. तो विल्मेटहून निघतो आणि दक्षिणेस रिव्हर पार्कपाशी शिकागो नदीच्या नॉर्थ ब्रँचला मिळतो. त्या पार्कात होडी उतरवायची सोय आहे. उत्तरेकडे गाडीने गेलं तर स्कोकी लगून्स आहेत. १९३३ सालापासून सरकारने बेकार तरुणांना काम देऊन हे तलाव खणवले. पाणी संथ, आणि पेट्रोलच्या मोटरबोटींना मनाई. नवशिक्यांना ही जागा चांगली.

बाळांनो, हवेवर तरंगायची युक्ती नवी नाही. आपल्या देशात सुकवलेला भोपळा पाठीला बांधून मुलांना विहिरीत पोहायला शिकवायचे. असेच भोपळे एकत्र बांधून सांगड करायचे आणि तिच्यावरून नदी ओलांडायचे. १८४० नंतरच्या दशकात इंग्रजांच्या आरमारातल्या पीटर हॅल्केट नावाच्या लेफ्टनंटने तर गंमतच केली. त्याने रबरी कापडाचा झगा बनवला. अंगावर घातला तर झगा, फुगवला तर होडी, आणि शीड म्हणून छत्री! कयाक हा शब्द मात्र उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांचा. ते लाकडी सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून कयाक बनवत.

आता खरेदीकडे वळू. दुकानात जाण्याआधी घरीच ठरवा, की होडी कुठल्या पाण्यात न्यायची. स्वस्त हवेची होडी तलावासाठी आणि संथ कालव्यासाठी असते. मिशिगन सरोवरासाठी ती नाही, हे आम्ही ठासून सांगतो. आपल्यापैकी पुष्कळांचे वाडवडील अलिबाग-रेवदंड्याकडचे. खाडीत होडी घालायची तर ते आधी भरती-ओहोटी पाहायचे. इथे सरोवराला भरती-ओहोटी जवळजवळ नाही, इथे वारा पाहायचा. पश्चिमेचा वारा असला की शिकागोच्या किनाऱ्यालगत पाणी अगदी शांत दिसतं, कारण वारा जमिनीवरून सरोवराकडे वाहत असतो. हवेची होडी हलकी आणि उंच. तो वारा तिला पाहता पाहता आत ढकलतो, आणि परत यायचं म्हणजे वाऱ्याविरुद्ध वल्हवत यायचं. लहान मुलाच्या हातांत तेवढी ताकद नसते. आजोबांच्या हातांतही नसते.

मग पाहा कोण बसणार, आणि त्यांचं वजन किती. खोक्यावर वजनाची मर्यादा लिहिलेली असते. इंटेक्स कंपनीची एक्सप्लोरर के-२ ही दोघांची होडी ४०० पौंडांची, म्हणजे सुमारे १८० किलोंची आहे. पण भरायचं त्याच्या तीन-चतुर्थांशच, म्हणजे ३०० पौंडांपर्यंत. काठोकाठ भरलेली होडी पाण्यात खोल बसते, वळत नाही, आणि जरा हललं की पाणी आत घेते. दोन धट्टेकट्टे मोठे, एक मूल आणि जेवणाची पिशवी एवढं सगळं तिच्यात नको. एक मोठा आणि एक मूल, हे तिला शोभतं.

तिसरं म्हणजे हवेचे कप्पे मोजा. निदान तीन हवेत, दोन बाजूंचे दोन आणि तळाचा एक, प्रत्येकाची हवा वेगळी. एकाला भोक पडलं तरी बाकीचे काठापर्यंत आणतात. एकाच कप्प्याची वस्तू म्हणजे खेळणं, ती न्हाणीघरात बरी. काही तलावांवर हवेच्या होडीला मनाई असते, काही ठिकाणी कप्प्यांची अट असते. म्हणून जिथे जायचं तिथला नियम आधी वाचा.

किमतीचं म्हणाल तर बाजारात ढोबळपणे तीन पायऱ्या आहेत. खालच्या पायरीवर नुसत्या व्हिनाइलच्या होड्या, शंभर-दीडशे डॉलरच्या. बहुधा वल्हं आणि हातपंप सोबत मिळतात. वर्षातून चार-पाच वेळा तलावावर जाणाऱ्याला त्या पुरतात, पण दगडावर, फांदीवर घासल्या की फाटतात. मधल्या पायरीवर सी ईगल ३३० सारख्या, जाड मालाच्या. तिचं स्वतःचं वजन सुमारे २६ पौंड आणि मर्यादा ५०० पौंड. त्यांना तीनशे-चारशे डॉलर पडतात. त्याच्या वर कापडी आवरणाच्या आणि आत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असलेल्या, किंवा तळ फळीसारखा टणक फुगणाऱ्या, पाचशे आणि पुढे. त्या सरळ चालतात, वाऱ्याला कमी दबतात. आमच्या मते पहिल्या वर्षी खालच्या पायरीची घ्यावी, किंवा भाड्याने घेऊन दोन रविवार चालवून पाहावी. मुलांचा उत्साह दुसऱ्या वर्षी टिकला तर मग मधली.

होडी कुठलीही असो, तिच्या तळाला मागे छोटी शेपटी बसवता येते का ते बघा. तिला स्केग म्हणतात. ती नसेल तर होडी प्रत्येक वल्ह्यासरशी गोल फिरते, मुलं रडकुंडीला येतात. हवा भरायचं तोंडही नीट पाहा. नुसतं बूच असलं तर भरलेली हवा बूच लावेपर्यंत निघून जाते. आत पडदा असलेली झडप चांगली. पंप असा घ्या, की दांडा खाली-वर दोन्ही वेळेस हवा भरेल. दोन्ही बाजूंनी न भरणाऱ्या पंपाने भरता भरता खांदे दुखून येतात.

आता थोडं आमच्या धंद्याचं. होडीवर शंभर डॉलर वाचवा, जाकिटावर एकही वाचवू नका. खोक्यात जीवरक्षक जाकीट नसतं, ते वेगळं घ्यावं लागतं. आत ‘यू. एस. कोस्ट गार्ड अप्रूव्हड’ असं छापलेलं असलंच पाहिजे. मुलाचं जाकीट वयावर नाही, वजनावर घ्यायचं : ३० पौंडांखाली एक, ३० ते ५० एक, ५० ते ९० एक. घालून सगळे पट्टे आवळा, आणि खांद्याजवळ धरून जाकीट वर उचला. ते हनुवटीपर्यंत, कानांपर्यंत सरकलं तर मोठं आहे. ‘पुढच्या वर्षी होईल’ म्हणून मोठं घेऊ नका, हा फ्रॉक नव्हे. दोरी ओढून फुगणारी जाकिटं १६ वर्षांखालच्यांसाठी नाहीत. दंडात अडकवायचे फुगे म्हणजे तर जाकीट मुळीच नव्हे.

इलिनॉयचा कायदा असा, की प्रत्येक माणसामागे एक जाकीट होडीत हवंच, आणि १३ वर्षांखालच्या मुलाने छोट्या होडीत ते अंगावर घातलेलं हवं. आम्ही म्हणतो, सगळ्यांनीच घालावं. कोस्ट गार्डच्या नोंदी पाहा : या देशात होडीवरून बुडून मेलेल्यांत पाचांतले चार किंवा त्याहून जास्त लोक जाकिटाशिवाय असतात. नोकरीत असताना उन्हाळ्यातल्या रविवारी पाण्यातून काढून आणलेली माणसं आम्ही वॉर्डात पाहिली आहेत. त्यांच्यापैकी कितीतरी जणांना पोहता येत होतं. मे महिन्यात हवा गरम असते पण पाणी थंडगार असतं. अशा पाण्यात अचानक पडलं की पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात राहत नाही. पुढची दहाएक मिनिटं हातपाय कामाचे असतात. त्यानंतर पोहणाराही पोहू शकत नाही, शुद्ध मात्र तासभर असते. त्या तासात जाकीटच तोंड पाण्यावर ठेवतं.

मोठ्यांसाठी घरी करायची एक परीक्षा. जमिनीवर जाड उशी ठेवा, तिच्यावर पाय पुढे पसरून बसा, आणि कशालाही न धरता उठून दाखवा. होडीतली बैठक एवढीच खाली असते, आणि जमीन हलत नाही, होडी हलते. उठता आलं नाही तर मदतनिसाशिवाय होडीत बसू नका, काठावर घडीची खुर्ची टाकून मुलांवर नजर ठेवा. तेही मोठंच काम आहे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, हृदयाचं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. साखरेचा विकार असणाऱ्यांनी गोड काहीतरी पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, हाताशी ठेवावं. लघवीच्या काही गोळ्यांनी कातडी उन्हाला लवकर भाजते, तेव्हा टोपी आणि लांब बाह्या विसरू नका.

कालव्याचं पाणी पिण्याचं नाही. हॉवर्ड स्ट्रीटजवळच्या ओब्रायन केंद्रात सांडपाणी शुद्ध होऊन ते याच कालव्यात सोडतात. २०१६ पासून ते अतिनील किरणांनी जंतुरहित करून सोडलं जातं, ही मोठी सुधारणा. तरी मुसळधार पाऊस झाला की गटाराचं पाणी नदीत येऊ शकतं, म्हणून पावसानंतर दोन-तीन दिवस तिकडे जाऊ नये. हातापायावर जखम असेल तर झाकावी. होडीतून उतरल्यावर साबणाने हात धुऊन मगच खायला घ्यावं. सामोसा पळून जात नाही. नदीत कुठे बुटका बांध दिसला तर लांबूनच काठाला लागा. वरून तो साधा दिसतो, पण त्याखाली फिरणारं पाणी माणसाला धरून ठेवतं, जाकीट असलं तरी.

होडी घरी आली की पहिल्यांदा अंगणात किंवा बैठकीच्या खोलीत फुगवा आणि एक दिवस तशीच ठेवा. साबणाचं पाणी शिवणींवर फिरवलं की जिथे बुडबुडा येईल तिथे भोक. थोडी हवा कमी वाटली तर घाबरू नका. थंड पाण्यात हवा आकसते, उन्हात फुगते. म्हणूनच गच्च भरलेली होडी उन्हात टाकून जेवायला बसू नका, शिवण उसवेल. घरी आणल्यावर पुसून, पुरती वाळवून मगच घडी करा, नाहीतर बुरशी येते. हिवाळ्यात ती गॅरेजमध्ये नको. थंडीने व्हिनाइल ताठरतं, आणि उंदीर काय करतील ते सांगायला नको. तळघरात ठेवा.

मुलांनो, तुम्हांला तीनच गोष्टी. मोठं माणूस सोबत असल्याशिवाय पाण्यात नाही. जाकिटाला शिट्टी बांधलेली हवी, अडचण आली तर जोरात वाजवायची. आणि होडी उलटली तर पोहत काठाकडे सुटायचं नाही, होडीलाच धरून राहायचं. ती हवेची आहे, ती बुडत नाही, आणि लांबून शोधणाऱ्याला तुमच्या डोक्यापेक्षा ती आधी दिसते. घरी सगळ्यांसमोर हे एकदा पाठ म्हणून दाखवा, मगच आजोबांकडे पैसे मागा.

पुढच्या अंकी उन्हाने भाजलेल्या कातडीवर काय लावावं आणि काय लावू नये, ते पाहू.