परका चालेल, पाहुणा नको

न्यायाधीशाने आणि फौजदाराने नेमणुकीच्या गावीच मुक्कामी राहावं, असं म्हटलं की एक ठरलेलं उत्तर येतं. ‘गावात राहिला की गावाचा होतो. मग जेवणावळी येतात, भिडा पडतात, आणि निःपक्षपातीपणा उंबऱ्याबाहेर राहतो.’ साताऱ्यात, सांगलीत हे मी जाणत्या वकिलांकडूनही ऐकलं आहे. भीती खरी आहे. पण तिच्यात दोन प्रश्नांची गल्लत आहे: माणूस कुठला, आणि तो राहतो कुठं.

पहिल्या प्रश्नावर माझा वाद नाही. ज्या बांधापायी भावकी तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवते, त्याच भावकीतला माणूस निवाड्याला बसू नये. निवडणुकीच्या कामावरच्या अधिकाऱ्यांना आयोग त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यात ठेवत नाही, ते योग्यच. वंशपरंपरागत पाटीलकी १९६३ पासून कायद्याने गेली, तेही बरंच झालं.

पण त्यानंतर १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने पोलीस पाटील आला, आणि त्याला अट लागली ती गावच्या रहिवासाची. खटाव-माणच्या एखाद्या वस्तीवर रात्री विहिरीत कुणी पडल्याचं कळलं, तर ठाण्याची गाडी येईपर्यंत बॅटरी घेऊन काठावर बसतो तो हाच. बघ्यांना मागं सारतो, कठड्याशी काढून ठेवलेल्या चपलांना हात लावू देत नाही, शेवटचं कुणी पाहिलं ते विचारून ठेवतो. तालुक्याच्या गावाहून निघालेल्या माणसाला हे कसं जमणार? तोही कुठल्या तरी गटाचा असतोच, असं कुणी म्हणेल. असतो. म्हणूनच त्याची नेमणूक गावाच्या हाती नाही, प्रांताच्या हाती आहे. आणि तपास ठाण्याकडे जातो. जवळिकीच्या धोक्याला असा बांध घालता येतो. दूर राहणाऱ्याच्या अज्ञानाला कसला बांध घालणार?

विरोधकांचं दुसरं बोट प्रतिसरकारकडे जातं. १९४३ ते ४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या या सरकारची न्यायदान मंडळं गावोगावी बसत, आणि शिक्षा कधी कधी फार कठोर होत. ते मी लपवणार नाही. पण जमिनीचे, सावकारीचे तंटे घेऊन माणसं तिथं जात, कारण निवाडा गावातच आणि लवकर मिळे. ती गरज आजही तशीच उभी आहे.

आणि रामशास्त्री? त्यांचं नाव तर दोन्ही बाजू घेतात. शास्त्रीबुवा साताऱ्याजवळच्या माहुलीचे, न्यायाधीश पुण्यात. म्हणजे पुण्याला परकेच. पण राहिले पुण्यात, पेशव्यांच्याच गावात. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा त्या खुनाबद्दल त्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडून वाईजवळच्या पांडववाडीला निघून गेले. इतक्या जवळ राहूनही त्यांना कुणाची भीड पडली नाही. भीड झुगारायला कणा लागतो, किलोमीटर नव्हेत.

आता जतकडे या. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत कन्नड बोलतात. जबाब द्यायला आलेली म्हातारी पाच मिनिटं तळमळून बोलते, शेजारचा माणूस ते दोन वाक्यांत मराठीत सांगतो, आणि कागदावर उतरतात ती दोन वाक्यं. रोज संध्याकाळी सांगली-मिरजेची वाट धरणाऱ्या साहेबाला उरलेलं कधीच कळणार नाही. जतच्या बाजारात दोन वर्षं भाजी घेणाऱ्याला निदान खटकेल तरी. महाराष्ट्र पोलीस कायदा पोलिसाला सदैव कर्तव्यावर मानतो. मग संध्याकाळनंतर कर्तव्याचं गाव बदलतं कसं?

१८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागलं. सातारा-सांगलीसह सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी त्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. ‘न्याय जवळ आणा’ म्हणून जे रस्त्यावर उतरले, त्यांनीच तालुक्याच्या न्यायाधीशाला लांब राहण्याची मुभा द्यावी, हे मला पटत नाही.

एक आक्षेप मात्र मी बिनशर्त मान्य करतो. घरंच नाहीत. गळक्या पोलीस लाईनीत, पोरांच्या शाळेची सोय नसताना, कुणाला मुक्कामी राहा म्हणणं अन्याय आहे. तेव्हा जत, आटपाडी, दहिवडीला आधी राहण्याजोगी निवासस्थानं बांधा, आणि ती बांधून झाली की त्यानंतर एकालाही बाहेरगावी राहण्याची सवलत देऊ नका.