मेकॅनिकवर विश्वास ठेवा, पण जॉबकार्ड वाचून!

"विश्वास? तो तर पानिपतातच गेला!" असं आपण हसत हसत म्हणतो. पण डीलरच्या सर्व्हिस सेंटरला बाईक देताना काय करतो? किल्ली देतो, संध्याकाळी बिल भरतो आणि चकचकीत धुतलेली गाडी घेऊन निघतो. आत काय काम झालं, ते पाहिलं का? नाही!

मित्रांनो, माझं मत स्पष्ट आहे. डीलरकडचा मेकॅनिक चोर नसतो. त्याला ट्रेनिंग असतं, टूल्स असतात. अडचण सिस्टीमची आहे. बऱ्याच ठिकाणी दिवसाला किती गाड्या निघाल्या आणि बिल किती झालं, एवढंच मोजलं जातं. चेन बरोबर लावली का, हे कोण मोजतं? जे मोजलं जातं, त्याकडेच लक्ष जातं. धुलाई कस्टमरला दिसते, म्हणून धुलाई मस्त होते!

आणि न दिसणारं काम राहिलं, तर जिवावर बेततं. चेन फार सैल राहिली, तर चालत्या गाडीत उतरून मागचं चाक जाम होऊ शकतं. फार घट्ट केली, तर चेन, स्प्रॉकेट, बेअरिंग सगळं लवकर झिजतं. ऑइलचा ड्रेन बोल्ट टॉर्क रेंच न वापरता अंदाजाने आवळला, की आटे जातात. सैल राहिला, की ऑइल गळून मागच्या टायरवर येऊ शकतं. डिस्क ब्रेकचं फ्लुइड हवेतली ओल शोषतं, म्हणून ते साधारण 2 वर्षांनी बदलायचं असतं. जुन्या फ्लुइडवर घाट उतरताना ब्रेक तापले, की लिव्हर मऊ लागायला लागतो. तेव्हा बिलावरचा 'चेक्ड' हा शब्द कामाला येत नाही.

"त्यापेक्षा आमचा नाक्यावरचा मेकॅनिक बरा," असं अनेक जण म्हणतात. का बरा? कारण तो आपल्यासमोर गाडी खोलतो. आपण शेजारी चहा पीत बसतो आणि सगळं दिसतं. पण गाडी वॉरंटीत असेल, तर ठरलेल्या किलोमीटरला अधिकृत सर्व्हिसिंग चुकवून चालत नाही. मग तोच उघडेपणा डीलरकडे मागा ना!

गाडी देतानाच तक्रारी जॉबकार्डवर लिहून घ्या, तोंडी नको. किलोमीटर रीडिंग टाकायला लावा. "बदललेले पार्ट मला परत द्या," हे आधीच सांगा. गाडी घेताना फक्त 5 मिनिटं काढा. मॅन्युअलप्रमाणे ऑइलची लेव्हल बघा, दोन्ही ब्रेक दाबून बघा, चेन मधोमध वर-खाली हलवून बघा. बऱ्याच कम्युटर बाईकला हा खेळ 20 ते 30 मिलिमीटर असतो, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये सापडेल. मग सुपरवायझरसोबत एक चक्कर मारा आणि त्यानंतरच सही करा. तरीही काम चुकलं, तर आधी डीलरकडे लेखी तक्रार द्या. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. सेवेतली त्रुटी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात येते.

यात मेकॅनिकचा अपमान नाही, उलट चांगल्या मेकॅनिकचा फायदा आहे. आज नीट काम करणारा आणि उरकणारा, दोघांचं बिल सारखंच दिसतं. तुम्ही तपासायला लागलात, की फरक दिसतो. जो नीट करतो, त्याचं नाव घेऊन पुढच्या वेळी "गाडी यांच्याकडेच द्या," असं सांगा.

आता उद्योजक मित्रांनो, जरा आपल्या दुकानाकडे बघा. तुम्ही एसी दुरुस्त करत असाल, मिक्सर करत असाल, नाहीतर हिशोब लिहीत असाल. तुमचं खरं काम कस्टमरला दिसतं का? की त्यालाही फक्त धुलाईच दिसते? काम उघडून दाखवा, जुना पार्ट हातात द्या. मग विश्वास मागावा लागत नाही, तो आपोआप येतो.